उजवीकडून दुसरी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून दिलं नसशील, या आशेवर लिहितेय. तुझा जुना नंबर लागत नाही. कुरिअरच्या वहीत तुझ्या मावशींचा पत्ता सापडला.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त. बाबा गेल्याचं तुला कळलं असेलच, दीड वर्ष होईल आता. दादाने स्टुडिओच्या दर्शनी भागाला नवी काच लावलीय. मागची खोली तशीच आहे. खिडकी नाही, पंखा घरघरतो, दार आतून लागत नाही. तुझ्या खुर्चीवर आता मी बसते. सकाळी दहाला आत गेले की बाहेर ऊन आहे की ढग आलेत, तेसुद्धा गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून कळतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे काम अडलंय. एका गिऱ्हाइकाचा ग्रुप फोटो आहे. त्यातली एक व्यक्ती काढायचीय. तू शिकवलं होतंस तसं त्या व्यक्तीभोवती रेघ ओढून घेतली. पण आजूबाजूच्या रंगांनी जागा आपोआप भरण्याचा जो पर्याय आहे ना, तो राखाडी पडलाय. माउस नेऊन कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. प्रोग्रॅम बंद करून उघडला. कॉम्प्युटर बंद करून उघडला. दुसऱ्या फोटोत तोच पर्याय छान चालतो, याच फोटोत रुसतो. दादाला विचारलं तर म्हणाला, "तीन वर्षं बसतेस ना तिथे? मग मला काय विचारतेस?"

हाताने भरत बसले तर आठवडा जाईल, आणि गिऱ्हाइकाला घाई आहे. मागे निळा पडदा आहे, तो सोपा. पण त्या व्यक्तीचा हात शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर आहे. तिथे पंचाईत होते.

तुला विचारायला तोंड नाही माझं. पण दुसरं कोणाला विचारू? मला प्रिंटिंग प्रेसमध्ये काम मिळालं होतं, मागच्या वर्षी. दादा म्हणाला, मागची खोली कोण सांभाळणार? मी गेले नाही.

जमलं तर दोन ओळी लिही. नाही लिहिलंस तरी समजेन.

तुझी,
धाकटी

६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तू सगळं क्रमाने लिहिलंस, मी शेजारच्या स्टुलावर बसून शिकायचे तेव्हा सांगायचीस तसंच. आधी निवड नीट झालीय का बघ. मग लेयरच्या, म्हणजे फोटोच्या थराच्या, चित्राच्या कोपऱ्यात बारीक कागदासारखी खूण आहे का बघ. असेल तर तो स्मार्ट ऑब्जेक्ट आहे, त्याला प्रोग्रॅम हात लावू देत नाही. एक प्रत काढून बाजूला ठेव, मग उजवं क्लिक करून रास्टराइज कर, म्हणजे तो साधा फोटो होईल.

खूण होती. पर्याय लगेच काळा झाला.

आणि खाली तू लिहिलं होतंस, "बाबांच्या खांद्याची शिवण आधी वेगळी निवडून घे, नाहीतर खांदा खचलेला दिसेल. माझा हात जड होता."

ती ओळ वाचली आणि कळलं, तू फोटो ओळखलास. गिऱ्हाईक वगैरे कोणी नव्हतं, वहिनी. दादाचं दुसरं लग्न ठरत होतं. बाबांचा सगळ्यांसोबत उभा असलेला तेवढाच फोटो, म्हणून तो मोठा करून दर्शनी भागात लावायचा, आणि त्यातून तुला काढायचं, असं ठरलं. उजवीकडून दुसरी. मी नाही म्हटलं नाही. शिवण वेगळी निवडली, बटण दाबलं, आणि चार सेकंदांत तुझ्या जागी पडदा आला. दादा मागे येऊन म्हणाला, "वा, कळतसुद्धा नाही!"

आता जे तीन वर्षं लिहायचं राहिलंय ते लिहिते. वकीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड तू पुसलं नव्हतंस. मी पुसलं. तू जेवायला गेली होतीस. मला वाटलं, फोटो कॉम्प्युटरवर उतरवून झालेत. कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि फॉरमॅट केलं. संध्याकाळी दादा तुझ्यावर ओरडला तेव्हा मी दारातच उभी होते. तू म्हणालीस, "मी हात लावला नाही," आणि माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे बघितलं. तुमचं आधीपासून बिनसलं होतं, त्या दिवशी निमित्त मिळालं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण निमित्त मी दिलं होतं. तू दोन बॅगा घेऊन निघालीस आणि दुसऱ्या दिवशी मला तुझी खुर्ची मिळाली.

रविवारी मुलीकडचे स्टुडिओ बघायला आले होते. ती शिक्षिका आहे. आई त्यांना सांगत होती, "पहिलीने गिऱ्हाइकाचे फोटो घालवले, वर उलट उत्तरं. शेवटी आपणहूनच गेली." मी चहा देत होते. ती मुलगी फोटोसमोर थांबली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "बाबांच्या शेजारी एवढी जागा का सोडलीय?"

दादा माझ्याकडे बघू लागला. काहीतरी सांग, असं.

मी म्हटलं, "तिथे वहिनी होती. मी काढली. आणि ते फोटोही तिने नाही, मी घालवले होते."

आईने बशी खाली ठेवली. दादा म्हणाला, "हिला बरं नाहीये." मी म्हटलं, "मला चांगलं बरं आहे." मग कार्डाचं सगळं सांगितलं. ती मुलगी दादाला एवढंच म्हणाली, "तुम्ही तेव्हा तुमच्या बायकोला नीट विचारलं होतं का?" अर्ध्या तासात ते गेले. काल निरोप आला, लग्न नको.

दादा माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण ते न बोललेलं बरं. मी प्रेसवाल्यांना फोन केला, ती जागा कधीच भरली. त्यामुळे रोज दहा वाजता मी त्याच खोलीत जाते. दादा दर्शनी भागात, मी मागे, मध्ये एक पडदा. काम चिठ्ठीवर लिहून येतं. ओळखीच्या तीन ठिकाणी अर्ज केलेत. अजून कुठून काही नाही.

तुझ्या नावावरचा आळ उतरवायला काय करता येईल ते सांग. वकीलसाहेबांकडे मी स्वतः जाऊन आले. दारातच म्हणाले, आता काय उपयोग. खरंच होतं ते. तरी सांगून आले.

माफी मागत नाहीये. मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तुला आणखी काही करायला लावायचा हक्क मला नाही.

जिने तुझ्याकडे तेव्हा बघायला हवं होतं, ती

तुझी नणंद