आतल्या खोलीतला कापूस

१२ नोव्हेंबर २००५, दुपारी ४.१०

सकाळी बोरी अरबला एसटीतून उतरले तेव्हा चक्क गुणगुणत होते. दोन खोल्या, अंगणात कडुनिंब आणि पुस्तकाला हवी तशी शांतता! थरारपटांत धास्ती कशी रचतात, हे पुण्यात जन्मभर शिकवलं. आता निवृत्तीत लिहायचं. पण बाजारातून परतते तो काय, भाड्याने घेतलेली माझी आतली खोली घरमालक धरमसिंग यांनी दारावरच्या झरोक्यापर्यंत कापसाने भरलेली! न विचारता, मागच्या खिडकीतून. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला आधी दार वाजवायला, मग परवानगीची वाट पाहायला शिकवलं होतं. धरमसिंग म्हणाले, भाव येईस्तोवर कापूस घरातच ठेवायची रीत आहे. त्यांची बायको सुखीबाई हसली. “पाव्हना समजा न मॅडम. खात नाही, पेत नाही.”

१५ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण झालं. धास्ती हवी असेल तर आवाज वाढवू नका, काढून घ्या. कापूस नेमकं तेच करतो. आतल्या दाराशी उभं राहिलं की रस्त्यावरचा ऑटो ऐकू येत नाही. मी शिंकले, तर माझी शिंकही अर्धीच ऐकू आली.

१८ नोव्हेंबर

स्टुलावर चढून झरोक्यातून पाहिलं. ढिगाला खळगा पडलाय, माणूस मावेल एवढा.

“कापूस बसते बाई. काहून भेता?” इति सुखीबाई.

बसतो तो सगळा बसेल, एकाच जागी कसा? यांना आणखी कापूस ठेवायचा आहे, मला हुसकावायचं आहे. फारच स्वस्त दिग्दर्शन!

२१ नोव्हेंबर

दुसरं प्रकरण: प्रेक्षकाला आधी कळू द्या, पात्राला नंतर. नायिका चहा ओतते, तिच्या पाठीमागचं दार हलतं, ते फक्त आपल्याला दिसतं.

आज शेजारच्या नंदाबाई चहाला आल्या. बोलत माझ्याशी होत्या, बघत माझ्या खांद्यावरून मागे. मी वळले. बंद दार. अर्धा कप तसाच ठेवून उठल्या. “कापूस तुडवाले आत उतरला होता तो फुलचंद कुठी दिसला का वो?”

जास्त मावावा म्हणून एक माणूस आत उभा राहून कापूस पायांनी दाबतो म्हणे. धरमसिंग सांगतात, फुलचंद महागावला गेला. सुखीबाई सांगते, यवतमाळला.

२४ नोव्हेंबर

खळगा दाराकडे सरकलाय. भर दुपारी, माझ्या देखत कापूस दबला — एक पाऊल, मग दुसरं —

२६ नोव्हेंबर

लिहिणं बंद. कडी काढून पाहिली. दार हलत नाही. आतून रेटल्यासारखं —

बाहेर ओट्यावर अख्खी गल्ली. सगळे माझ्या मागे बघतात.

म्हणजे प्रेक्षक ते. पात्र मी.

२७ नोव्हेंबर

धरमसिंग, हे तुमच्यासाठी. कापूस भरला त्या दिवशी दाराची कडी माझ्या बाजूने लागलेली होती. खिडकी कापसाने बुजलेली. मग फुलचंद बाहेर आला कुठून? ३० नोव्हेंबरला सायंकाळी पाचच्या आत उत्तर हवं. लेखी. तोंडी थापा मी ऐकून घेणार ना—

कुणीतरी दार वाजवतंय.

आतलं.

हलकेच, दोनदा. आता थांबलंय. परवानगीची वाट पाह—