कॅप्सूलचं डॉक्टरला सांगितलं

मंगळवार, संध्याकाळ. दवाखान्यात बसून.

बायकोचा ताप उतरतच नाही. डॉक्टर म्हणाले, दुखऱ्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसले असावेत. कोणते, ते कळायला आधी रक्त घेणार, मग औषध. आणि हिने सकाळीच चौबे कॉलोनीतल्या मेडिकलवाल्या भैयाकडून जंतू मारायची कॅप्सूल घेतलेली! दरवेळी आम्ही तशीच घेतो, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. आता त्या कॅप्सूलमुळे जंतू सापडलेच नाहीत तर?

"सांगू नका हो, डॉक्टर मले रागावतील."

"तोंडात टाकताना डॉक्टर नाही आठवला तुले?"

तरी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. कॅप्सूलचं रिकामं पाकीटही दाखवलं.

"अच्छा किया बाबूजी, बता दिया." डॉक्टर म्हणाले, जंतू कदाचित दिसणार नाहीत, पण रक्त तीनदा घेऊ, हृदयाची सोनोग्राफी करू. औषध मात्र आजच, सलाईनमधून. कित्येक आठवडे.

बरी होईल ना? हे विचारायची हिंमत झाली नाही.

सलाईन लागली आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे, माझ्याशी बोलत नाही. नाही बोलली तरी चालेल. रागवायला तरी ती राहिली पाहिजे.