सुपातली गारगोटी

बाई, आज परंड्याला शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आले. विषय होता, मुलांचं मन कसं जपावं. मला दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय, मुलाला समोर बसवा, त्याच्या डोळ्यांत पाहा, प्रश्न विचारा. वाचताना मला हसूच आलं. तुम्ही तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

दुष्काळाचं साल. आई गेली आणि माझं बोलणं बंद झालं. आत्या मला शाळेतून काढायलाच आली होती. "मुकी पोर साळंत बसून काय करनार? दुष्काळी कामावर खडी फोडाया आली तर खायाला सुकडी तरी मिळंल." तुम्ही म्हणालात, "माझी मिलो निवडू लागायला कुनी न्हाय. दिवाळीपर्यंत राहू द्या हिला. तवर न्हाय बोलली, तर न्या." त्या संध्याकाळपासून मी तुमच्या खोलीच्या ओट्यावर तुमच्या शेजारी बसते. मिलो म्हणजे रेशनची ती तांबडी ज्वारी, एक सूप तुमच्या मांडीवर, एक माझ्या. तुम्ही काही विचारत नाही. दिवाळी तोंडावर आली तरी विचारत नाही. मला अजून नवल वाटतं, तुम्ही दिवस मोजत नव्हता का?

मग एकदा मान वर न करता मीच बोलले, "आईला मिलोची भाकर जमत न्हवती. थापताना तुटायची." तुम्हीही सुपातच बघत म्हणालात, "माझी बी तुटती." मग मी रडले, पोटभर. आत्या न्यायला आली तेव्हा मी तिला "पानी देऊ का?" विचारलं, तर पाणी पिऊन ती एकटीच परत गेली.

आज हे सगळं सांगितल्यावर एका तरुण शिक्षकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या बाईंचं ट्रेनिंग कुठं झालं होतं?" बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? की कधीतरी तुमच्याही शेजारी कुणी सूप घेऊन बसलं होतं? तुम्ही होता तोवर विचारायचं सुचलं नाही. शेवटी पुस्तिका मिटून ज्वारी आणि सुपं मागवली, सगळ्यांना जोडीजोडीनं निवडायला बसवलं. आधी कुरकुर झाली, मग हळूहळू बोलणी सुरू झाली.

हे पत्र टाकणार कुठं, खणातच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलंय. कोपरा उडालेली तीच एक पांढरी गारगोटी रोज माझ्या सुपात निघायची. निवडलेले खडे तुम्ही परत मिसळता, हे मला केव्हाच कळलं होतं. बोलायला लागल्यावरही मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुमच्या शेजारी बसणं संपलं असतं.