चौसष्ट पेले

१८ जून, रविवार

आजपासून ठराव: रोज एका समजुतीला प्रश्न विचारायचा. वाझो, म्हणजे आषाढ पौर्णिमेला विहाराच्या सभागृहात माझं भाषण आहे. विषय मीच दिला: धर्म प्रश्न विचारायला शिकवतो की मान डोलवायला? बुद्धांनी स्वतः सांगितलं आहे, मी म्हणतो म्हणून मानू नका, पडताळून बघा. तीस वर्षं शाळेत मी हेच शिकवलं. एकाही मुलाने कधी उलट प्रश्न केला नाही. शिस्त होती.

संध्याकाळी लेक थीरीने सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगा जहाजावर इंजिनिअर. नाव खाइंग, आदराने को खाइंग. आनंद झाला.

२० जून, मंगळवार

खाइंग म्हणजे सोमवारचा जन्म. नावावरूनच कळतं; आमच्याकडे नावाचं पहिलं अक्षर जन्मवारावरून ठेवतात. आमची थीरी शुक्रवारची. शुक्रवार-सोमवार जोडी झाली की एकाचं आयुष्य कमी होतं, असं लोक मानतात. मी मानत नाही.

मुलगा जेवायला आला होता. फार भरभर जेवतो. हा स्वभावाचा प्रश्न आहे. थीरीला म्हणालो, थोडं थांबू. ती म्हणाली, बाबा, पौर्णिमेनंतर वर्षावास. तीन महिने कोणी लग्न लावत नाही. आणि ऑगस्टमध्ये तो दोन वर्षांसाठी जहाजावर चाललाय. कोर्टात साक्षीदार म्हणून मला तुमचीच सही हवी.

विचार करतो म्हणालो. विचार करणं चुकीचं कसं असेल?

२४ जून, शनिवार, सकाळी ८

टेकडीवरच्या पॅगोडात जाऊन आलो. नेहमीप्रमाणे माझ्या जन्मवाराच्या, बुधवार सकाळच्या खांबापाशी. प्रत्येक वाराचा खांब आणि प्राणी वेगळा; बुधवार दुपारचाही वेगळा. सुळेवाला हत्ती आणि वर बुद्धमूर्ती. मूर्तीवर पाणी घातलं. वयाइतके आणि एक वर: चौसष्ट पेले. ही अंधश्रद्धा नव्हे. खांद्याला व्यायाम होतो.

परतताना सहज सोमवारचा वाघ आणि शुक्रवारचा गिनीपिग पाहिला. वाघ बराच मोठा आहे.

२६ जून, सोमवार

थीरीने विचारलं, नक्की हरकत काय? मी आठ मुद्दे लिहून दिले. तिने कागद वाचून परत दिला. म्हणाली, बाबा, नववा राहिला. वार. मी म्हणालो, शिकल्यासवरल्या घरात असलं बोलू नये.

बायको, झिन मार, चहाच्या पानांची कोशिंबीर कालवत होती. हसली. का, ते सांगितलं नाही.

१ जुलै, शनिवार

भाषणासाठी उत्तम कल्पना सुचली. ट्रंकेतून माझी ताडपत्रावरची जन्मपत्रिका काढली. व्यासपीठावर तिचे दोन तुकडे करणार. टाळ्या पडतील.

पण न वाचता मोडणं हाही आंधळेपणाच. कोरलेली अक्षरं मला लागत नाहीत. कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल.

३ जुलै, सोमवार

बाजारामागे ज्योतिषी ऊ तिन न्युन बसतो. त्याच्याकडे गेलो. आधी शुक्रवार-सोमवारचं विचारलं, निव्वळ लोकसमजुतींचा अभ्यास म्हणून. तोंडातलं पान गालात सरकवून म्हणाला, मास्तर, ते आता कोण बघतं? मी फक्त विचारतो, मुलगा पितो का? नाही ना? मग उरकून टाका.

ज्योतिषांचा दर्जा खालावला आहे.

मग पत्रिका वाचली. म्हणाला, बुधवार बरोबर, पण दुपारी दोन. म्हणजे राहूचा वार. तुमचा हत्ती बिनसुळ्यांचा, मास्तर. इतकी वर्षं पाणी कुठे ओतत होतात?

आमच्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतं. आजीने अंदाजाने सकाळ धरली असणार, आणि नावही सकाळचंच ठेवलं.

राहूचं आणि मंगळवारचं वैर. झिन मार मंगळवारची.

४ जुलै, मंगळवार

झिन मारला अतिशय शांतपणे सांगितलं. (तिच्या मते ओरडून.) ती म्हणाली, को लिन, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तुमच्या आईनेच कानात सांगितलं होतं. एकतीस वर्षं झाली. मेलं का कोणी? मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत?

एकतीस वर्षांचा प्रयोग. पुरावा स्पष्ट आहे. थीरीला होकार दिला. ती रडली. शुक्रवारी दहाला कोर्टात सह्या. पहिला साक्षीदार मी.

६ जुलै, गुरुवार

भाषण पूर्ण. शेवटचं वाक्य: प्रत्येक रूढीसमोर उभं राहून विचारा, हे कोणी सांगितलं, आणि मी पडताळलं का? थीरीला वाचून दाखवलं. तिने मन लावून ऐकलं.

उद्या कोर्टाआधी एक छोटं काम. लग्नाशी संबंध नाही. साठ वर्षं पाणी चुकीच्या पत्त्यावर जात होतं, ते दुरुस्त करायचं. पत्ता दुरुस्त करणं ही अंधश्रद्धा नव्हे.

७ जुलै, शुक्रवार, दुपारी ४

सातला राहूच्या खांबापाशी पोचलो. उद्याच्या पौर्णिमेमुळे गर्दी. साडेआठला माझी पाळी आली. एकेचाळिसाव्या पेल्याला शेजारची बाई म्हणाली, अय्या मास्तर, तुम्ही आज इकडे? मोजणी चुकली. पुन्हा एकपासून. मग मागच्या रांगेतल्यांनी मला हटवलं, ताजं पाणी घेऊन पुन्हा रांगेत या म्हणाले. पुन्हा एकपासून. फोन खाली चपलांपाशी पिशवीत होता.

साडेअकराला थीरी पायऱ्या चढून वर आली. लग्नाची रेशमी लुंगी, केसांत फुलं, अंगठ्याला शाई. मागे खाइंग आणि झिन मार. थीरी म्हणाली, सह्या झाल्या. तुमच्या जागी ऊ तिन न्युननी केली. कोर्टासमोर पान खात उभे होते.

मी म्हणालो, थोडं थांबायचं होतं. ती म्हणाली, जज्जसाहेब तासभर थांबले, बाबा.

मग तिने माझ्या हातातला पेला पाहिला. हत्तीकडे पाहिलं. हळूच विचारलं, हे कोणी सांगितलं, बाबा? पडताळलंत?

मागच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, मास्तर, आटपा.

दोघांनी तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकून मला नमस्कार केला. आशीर्वाद देताना पेला कलंडला. पाणी थीरीच्या फुलांवर सांडलं. कितवा पेला होता, आठवत नाही.

घरी येऊन भाषणातलं शेवटचं वाक्य खोडलं. दुसरं सुचत नाही.