लाल दोऱ्याची लुगडी

केज, २ डिसेंबर १९२४
दवाखान्याची सुईण म्हणून आज रुजू झाले. हैदराबादेत शिकून आलेली इथली पहिलीच, हे आल्या आल्या दोनदा सांगून टाकलं. खोली छान आहे, ऊन भरपूर. फक्त माणसं अडाणी. झाडलोटीला येणाऱ्या छबुबाईला माझं घड्याळ दाखवलं, तर सावलीकडे बघून तिने वेळ सांगितली. बरोबर निघाली, म्हणून काय झालं?

६ डिसेंबर
परटीण भिवराबाईने कपडे धुऊन आणले. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून ती बिब्याच्या काळ्या तेलाची खूण करते. शाई वापर म्हटलं, तर हसली. शाई नदीला जाते म्हणे.

९ डिसेंबर
चोळीच्या खुणेपाशी मानेवर फोड, डोळे सुजलेले. भिवराबाई घाबरली. बिबा उतला म्हणाली. आता माझ्या लुगड्यांना खुणेसाठी बिब्याऐवजी लाल दोरा बांधणार. मी बिब्याच्या धुरात थांबायचं नाही, गोडंबी, म्हणजे बिब्यातलं बी, तोंडात घालायची नाही. "बिबा एकदा मानूस वळखला की इसरत न्हाई, बाई." फळाला आता स्मरणशक्तीही आली. मी मलम लावला.

१४ डिसेंबर
आप्पाराव देशमुखांची सून सत्यभामा बाळंत झाली. दोघी सुखरूप, माझ्या हातांमुळे. बाळाची दृष्ट काढून निखाऱ्यावर बिबा टाकला होता. भिवराबाईने सगळीकडे सांगून ठेवलेलं दिसतं, मला पाहताच सासू साखराबाईंनी शेगडी बाहेर न्यायला लावली. मी ती परत आणवली आणि धुरात मुद्दाम बसून राहिले. संध्याकाळी अंगावर गांधी उठल्या. थंडीने.

१८ डिसेंबर
पाचवी. सगळ्या बायकांना बाळंतिणीचे लाडू, मला नुसता गूळ. त्यात गोडंबी हाय, तुमच्या पाया पडते, तुमच्यासाठी उद्या वेगळे करते, असं साखराबाई म्हणाल्या. अडाण्यांची दया मला सोसत नाही. निघताना एक लाडू पदराआड घेतला.

१९ डिसेंबर, दुपार
छबुबाई कटकट करील म्हणून तिला परटिणीकडे कपडे आणायला पाठवलं. लाडू समोर आहे. घड्याळ लावून लिहिते, उद्या देशमुखांकडे वाचून दाखवीन.

बारा वाजता खाल्ला. बारा पाच. काही नाही. चवीला उत्तम.

बारा दहा. ओठ खाजतात. तळहात. मनाचे खेळ.

पोटात कळ — अंगभर गांधी. जीभ तोंडात मावत नाही.

कुठेतरी शिट्टी वाजतेय. खिडकी लावली. थांबेना. माझ्याच छातीतून —

हाक मारली. आवाज निघत नाही. छबुबाईला मीच पाठवलं.

दारात बसलेय. दोघी येताहेत, लांब आहेत, सावकाश. गाठोड्यातून लाल दोरा लोंबतोय. प्रत्येक लुगड्याला बांधलाय तिने. भिवराबाईला सांगा, तिचं —