तिला ओळखणारे दोघे

प्रिय अनुप,

रोज फोनवर तू ‘जेवलीस का’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणते, मग तू राजापेठेतल्या ट्रॅफिकला शिव्या घालतोस आणि आपण फोन ठेवतो. त्यापुढे आपली गाडी जात नाही, म्हणून लिहायला बसले. हसू नकोस. पत्र लिहिणारी बायको अख्ख्या अमरावतीत तुझ्याच वाट्याला आली, आता भोग. परवा तू म्हणालास, रविवारी घ्यायला येतो, सामान भरून ठेव. मी भरलेलं नाही. अकोल्यात आईकडे लाड करून घेते आहे म्हणून नाही रे. जिला पोटात वागवलं ती दिसायला कशी होती हेच मला ठाऊक नाही, आणि ते कळल्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकवणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी इथे आले आणि हे सगळं इथे झालं. ऐनवेळी घाईने ऑपरेशन करावं लागलं, मला पूर्ण भूल दिली. जाग आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि खोलीतलं प्रत्येक माणूस माझी नजर चुकवत होतं. संध्यामावशी दारात आईला सांगत होती, “तिले दाखवू नोका, जीव लावून बसन थे.” जसा काही जीव लावायचा बाकीच होता! पुरुषमंडळींनी दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. तू परत आलास तेव्हा तुझ्या चपलांना काळी माती चिकटली होती. माझ्या पायाशी बसून तू एवढंच म्हणालास की ती मेलेलीच जन्मली. मी विश्वास ठेवला.

मृतांच्या दिवशी आईबरोबर कब्रस्तानात गेले होते, ते तुला सांगितलं नाही. सगळी घरं आपापल्या कबरी झाडून, फुलं-मेणबत्त्या लावून फादरांच्या पवित्र पाण्याची वाट बघत होती. आपल्या या मातीत एक पावसाळा गेल्याशिवाय कोणी दगडी क्रूस बसवत नाही, खचून वाकडा होतो. मोठ्यांना तोवर लाकडी तरी लावतात, तान्ह्यांना तेही नाही. दफनाला घरातली एकही बाई गेली नव्हती, त्यामुळे आईलाही जागा नक्की माहीत नव्हती. कुंपणाजवळ एक लहानसा उंचवटा दिसला. मी शेवंती वाहिली, मेणबत्ती लावली, मातीवर हात ठेवून बसले आणि मनात साठलेलं सगळं बोलले. वेड्यासारखी रडले. मग चंदा नावाची एक बाई नवऱ्याला घेऊन झाडू-बादलीसकट आली आणि हळूच म्हणाली, “ताई, हे आमचं लेकरू हाय. तुमचं कोनतं?”

माझं कोणतं? मी मेणबत्ती उचलायला लागले तर तिने हात धरला. “राहू द्या, त्याले बी उजेड होते.” भली बाई. पण मी तिथून उठले तेव्हा मला कळलं की मी आई आहे हे सिद्ध करायला माझ्याजवळ टाक्यांशिवाय काही नाही.

फादरांनी त्या दिवशी प्रवचनही नेमकं ओळखीवरच केलं. देव आपल्यातल्या एकेकाला ओळखतो, आईच्या उदरात आपल्याला घडवताना तोच असतो, आपल्या डोक्यावरचे केससुद्धा त्याने मोजलेले आहेत, त्याच्या लेखी कोणीच अनोळखी नाही. आजूबाजूच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना धीर आला असेल. मला संताप आला, अनुप. मोजले असतील त्याने केस. मला तर माझ्या लेकीला जावळ होतं की नव्हतं तेही माहीत नाही! देवाला ती ठाऊक आहे हे ऐकलं की मला त्याचा हेवा वाटतो. माझ्याच पोटात बसून त्याने तिला निरखून घेतलं आणि मला मात्र पाठ दाखवली. सुरुवातीला मी खूप विचारलं त्याला. स्वप्नात दाखव म्हटलं, क्षणभर दाखव म्हटलं. काही नाही. आता चर्चमध्ये मिस्साला जाते ती आईच्या समाधानासाठी, तिथे नुसते ओठ हलवते. तो मला ओळखत असता तर हे माझ्याने झेपणार नाही, एवढं तरी त्याला कळलं असतं.

आणि तू. परतवाड्याच्या युवक शिबिरात आपली ओळख झाली तेव्हापासून बघते आहे, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मला मागणी घालायचं तू ठरवलंस तेव्हा माझ्याआधी स्वयंपाक्याला कळलं होतं. असा माणूस तिच्याबद्दल एकाएकी मुका झाला. मला वाटलं, पुरुषांचं दुःख असंच असतं, राहू दे बिचाऱ्याला. मी तुला जपत होते रे, खरंच.

परवा भाजीबाजारात मेथी निवडताना वर्षाली सिस्टर भेटली, ऑपरेशनच्या वेळी होती ती. मला सगळं ठाऊक आहे असं समजून बोलायला लागली. “तुमच्या मिस्टरांचा लय धीर हो ताई. पोरगी श्वास घेऊन राह्यली होती तोवर त्यायनं तिले मांडीवरून हलवलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले तसं मले पाणी मांगतलं, तिच्या डोक्यावर टाकलं, नाव घेतलं. नाव कोनतं थे मले ऐकू नाही आलं, मीच रडून राह्यली होती.” भाजीवालीने मला पोत्यावर बसवून पाणी पाजलं. म्हणजे ती जिवंत होती आणि मी झोपले होते. मला हेच कळू नये म्हणून तू खोटं बोललास ना? फादरांनाही सांगितलं नाहीस. मी विचारलं त्यांना. सांगितलं असतंस तर बाप्तिस्म्याची नोंद झाली असती आणि गोष्ट माझ्यापर्यंत आली असती. धर्मशिक्षणात आपण दोघंही शिकलोय की जीव जात असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही पाणी घालू शकतं, नाव देऊ शकतं. तू ते केलंस. खोट्याबद्दल मी भांडणार नाही, शपथ. तू एकट्याने हे कसं वागवलंस, या विचाराने मला तुझीच दया येते. पण माझ्या मुलीला नाव आहे, आणि ते फक्त दोघांना ठाऊक आहे. देवाला विचारून मी थकले. आता तुला विचारते. काय नाव ठेवलंस रे तिचं? मी तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही.

तुझीच,
रश्मी