नॅडीनच्या पोटावरचं जाकीट

लिहून ठेवणार : बर्निस अ‍ॅन यॅगर, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी शाळेच्या बसची चालक, राहणार एल्डर रस्ता, मिलर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे, कारण गावातल्या निम्म्या लोकांना गेली चाळीस वर्षे याबद्दल शंका आहे. यकृत मात्र ठिकाणावर नाही. नाताळ काही मी बघत नाही, असे डॉक्टर म्हणतात. हा कागद मी कोणाच्या धाकाने, कोणाच्या भुलवण्याने किंवा दारूच्या अमलाखाली लिहीत नाही. याआधी केलेली माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही एका खोट्यावर उभी होती. ते खोटे कोणते, हे कलम पाचमध्ये लिहिले आहे.

कलम एक. एल्डर रस्त्यावरचे घर, आतील सामान आणि बँकेत जे काही असेल ते, माझी भाची कोरिन हिला मिळावे. कोरिन ही माझी धाकटी बहीण नॅडीन हिची मुलगी. नॅडीन गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. तेव्हापासून मीच तिला वाढवले. कसे वाढवले ते तिला विचारा. मी तिच्यावर तीनदा हात उचलला, तिने माझ्यावर एकदा, आणि तिचा जास्त जोरात बसला. घराची किल्ली हातात घेण्याआधी तिने पाचवे कलम वाचलेच पाहिजे. ते वाचून तिला माझे घर नको झाले, तर ते गावच्या अग्निशमन दलाला द्यावे. त्यांना सरावासाठी जाळायला जुनी घरे लागतात. हे चांगले पेटेल.

कलम दोन. माझे दहन करावे. राख कुठेही टाकावी, पण कोणत्याही पोलादी रोलर कोस्टरवरून उधळू नये. आमच्या कोस्टरवेड्यांच्या क्लबातल्या मंडळींना असले चाळे सुचतात. तसे कोणी केले तर मी मानगुटीवर बसेन.

कलम तीन. माझ्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक डबा आहे. तो शेल क्रीक पार्कमधल्या ब्लॅक म्यूल या लाकडी कोस्टरचा शेवटचा डबा. पार्कवाल्यांनी २००३ साली कोस्टर पाडला, तेव्हा मी तो लिलावात घेतला. आम्ही त्या कोस्टरला नुसते खेचर म्हणायचो, कारण ते लाथा घालायचे.

कोस्टरविषयीचे माझे मत अख्ख्या क्लबला तोंडपाठ आहे, तरी नोंद असावी म्हणून लिहिते. लाकडी तो कोस्टर, पोलादी तो पाळणा. आजकाल खांद्यांवरून जाड पट्टा येतो, मानेमागे गादी असते, आणि उतरल्यावर लोक म्हणतात, ‘‘काय मऊ गेलं!’’ अरे, मऊ हवं तर घरी उशीवर बसा की! खेचर पहिल्या उतारावर असे झेपावायचे की डोळ्यांतले पाणी कानांत जायचे. तळाशी ते पाठीचा मणका न् मणका मोजायचे, आणि तिसऱ्या टेकाडावर माणसाला बाकावरून मुळासकट उपटायचे. त्या उपटण्याला आम्ही उचल म्हणतो. कोस्टरवाला माणूस जगतो तो उचलीसाठी, बाकी सगळे रांगेत उभे राहणे. शेवटच्या डब्यातली शेवटची रांग, डावी बाजू, तिथे उचल सगळ्यांत जबर. उतरल्यावर मांड्यांवर काळेनिळे वळ असायचे आणि ते आम्ही एकमेकींना अभिमानाने दाखवायचो. एकोणऐंशी साली माझी एक बरगडी तिथे तडकली. मी खाली उतरले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.

कलम चार. क्लबचा सेक्रेटरी गॉर्डन व्हिटलॅच याला काडीही मिळू नये. आम्ही सभासद दरवर्षी कोस्टरांना क्रमांक देतो. चौऱ्याण्णव साली या गृहस्थाने खेचराला एकतिसावा क्रमांक दिला आणि कारण लिहिले, ‘धक्के फार’. क्लबच्या सहलीत जेवणाच्या टेबलापाशी मी त्याला गाठले.

‘‘गॉर्डन, धक्के फार म्हणजे रे काय? उद्या समुद्र ओला फार असं लिहिशील!’’

‘‘अगं बाई, माझ्या पाठीची चकती सरकली.’’

‘‘चकती तेवढी सरकली. अक्कल कधी हलली नाही जागची.’’

त्याने माझी टोपी हिसकावली. मी त्याच्या तळलेल्या बटाट्यांवरची व्हिनेगरची बाटली त्याच्या डोळ्यांत रिकामी केली. मग टेबल मोडले, आणि त्याचे मनगटही. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. असे असले तरी एक काम मी त्याच्यावरच सोपवते. क्लबच्या वार्षिक सभेत पाचवे कलम त्याने उभे राहून, शब्द न गाळता वाचावे. त्याचा आवाज खणखणीत आहे, आणि माझ्याबद्दलचे वाईट तो मनापासून वाचेल.

कलम पाच. १८ जून १९८८, शनिवार. पार्क उघडण्याआधीचे दोन तास फक्त आमच्या क्लबसाठी होते. खेचरावर चालक होता ऑर्विल पाचूटा. वय चाळीस, सोळाव्या वर्षापासून त्याच पार्कात. गाडी सोडण्याआधी तो प्रत्येक बाकापाशी यायचा आणि मांडीवरचा लोखंडी दांडा तळहाताने दाबून बघायचा.

आमच्या लोकांची एक खोड आहे, आणि ती क्लबबाहेरच्या माणसाला सांगायची नाही अशी रीत आहे. आज मी ती मोडते. चालक दांडा दाबायला आला की आम्ही पोट फुगवून श्वास धरतो. दांडा पोटावर टेकतो आणि तिथेच अडकतो. चालकाला तो घट्ट लागतो. गाडी निघाली की श्वास सोडायचा. चार बोटे जागा मिळते आणि उचल दुप्पट होते. मी हे हजार वेळा केले असेल.

नॅडीन त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याबरोबर शेवटच्या रांगेत बसली. ती अगदी काडी होती. पोट फुगव म्हटले तर हसायला लागली.

‘‘बर्नी, फुगवायला आधी पोट नको का?’’

‘‘हे घे,’’ मी म्हटलं, आणि क्लबचं माझं निळं जाकीट गुंडाळून तिच्या स्वेटरखाली कोंबलं.

ऑर्विल आला. त्याने तिच्या पोटाकडे बघितले.

‘‘काय नॅडीन, दुसरं येतंय वाटतं?’’

‘‘हो ना, आणि तुझ्यावरच गेलंय मेलं!’’

तिघेही हसलो. हसता हसता त्याने दांडा दाबला. मग पुन्हा एकदा दाबला. दोनदा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

गाडी साखळीवर चढायला लागली तेव्हा मी ते जाकीट ओढून काढले आणि माझ्या मांडीखाली घेतले. तिच्या पोटावर वीतभर जागा झाली.

‘‘बर्नी, फार सैल आहे गं हे.’’

‘‘अगं, तीच तर मजा आहे! धरून बस.’’

हे मी तिच्याशी बोललेले शेवटचे वाक्य. तिसऱ्या टेकाडावर खेचराने आम्हा दोघींना उपटले. मी परत बाकावर आदळले. ती आदळली नाही. गाडी सुसाट खाली निघाली होती आणि मला मान वळवता येत नव्हती. आवाज ऐकला. लाकडावर एकदा, आणि खालच्या तुळईवर पुन्हा एकदा.

गाडी फलाटाला लागली तेव्हा ते जाकीट माझ्या अंगात होते आणि चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. माझ्या बहिणीचे शरीर अजून खाली पडायचे थांबले नसेल आणि मी चेन ओढत होते, एवढे लक्षात घ्या. पोलिसाने विचारले, चालकाने दांडा दाबला होता का? मी म्हणाले, नाही.

त्या एका ‘नाही’ने जे केले ते असे. ऑर्विलची नोकरी गेली. कोर्टाने त्याला पुराव्याअभावी सोडले, गावाने सोडले नाही. कोर्टाच्या बाहेर मी कॉफीची पोलादी बाटली त्याच्या डोक्यात घातली. डाव्या कानाने त्याला तेव्हापासून ऐकू येत नाही. त्याने तक्रारसुद्धा केली नाही. क्लबच्या लोकांनी त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, आणि दगड माझ्या गाडीतून गेले होते. त्याची बायको ओहायोला माहेरी गेली ती परत आली नाही. पंधरा वर्षांच्या कोरिनने त्याच्या गाडीची चारही चाके सुरीने फाडली, त्या दिवशी मी तिच्यासाठी केक केला.

गेल्या महिन्यात किराणा दुकानात कोरिन त्याच्या तोंडावर थुंकली. छत्तीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई. त्याने रुमाल काढला, तोंड पुसले आणि म्हणाला, ‘‘असू दे, पोरी.’’ मी तिच्यामागे गाडा ढकलत उभी होते. घरी येऊन मी न्हाणीघरात दार लावून ओरडले. तिला हे विष मी घोटाघोटाने पाजले, आणि खाली काही उरू दिले नाही. आता हे मला पेलवत नाही.

नॅडीनला मी मारले. ऑर्विल पाचूटाने आपले काम चोख केले होते.

कलम सहा. तो डबा आणि त्याखालची अंगणाची जागा ऑर्विल पाचूटा यास द्यावी. पार्कच्या फाटकावर ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहिलेली पितळी पाटी मी हट्टाने लावून घेतली, ती उखडून काढावी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ते निळे जाकीट आहे, कधीच धुतलेले नाही. गॉर्डन वाचत असताना ते सर्वांसमोर टांगावे.

पुरवणी. इथवरचे मंगळवारी लिहून झाले. माझी वकील मार्गरेट ऑसगूड हिने ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘‘बर्निस, त्याच्या तोंडावर सांगायची तुझी छाती नाही, म्हणून तू मरायची वाट बघते आहेस.’’ मला राग आला. रागातच मी फोन उचलला आणि त्याला बोलावून घेतले.

आज, बुधवारी सकाळी, मार्गरेट माझ्याकडे असतानाच ऑर्विल आला. टोपी हातात घेऊन, चांगला कान माझ्याकडे करून बसला. पाचवे कलम मी मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर तो उठला आणि त्याने मला ठोसा मारला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असे वाटले नव्हते. मी खुर्चीसकट मागे कोसळले, ओठ फाटला, पुढचा एक दात हातात आला. मार्गरेटने पोलिसांना लावायला फोन उचलला.

‘‘ठेव तो खाली,’’ मी म्हटलं. ‘‘आणखी हवे असतील तर मारू दे त्याला.’’

त्याने मारले नाही. तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला आणि आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिला.

‘‘मी दाबला होता?’’

‘‘दाबला होतास.’’

‘‘बर्निस, मला ते हसणं आठवतं. ती काय बोलली ते आठवतं. दाबलेलं आठवत नाही. मला वाटायचं, हसण्याच्या नादात राहिलं. एकतीस वर्षं मला वाटतंय की पोरीची आई मी मारली.’’

मला वाटत होते, निरपराध माणूस निदान आपण निरपराध आहोत हे तरी जाणतो. तेवढेही मी त्याच्याकडे ठेवले नव्हते.

‘‘दोनदा दाबलास, ऑर्विल.’’

‘‘पुन्हा सांग.’’

‘‘दोनदा दाबलास.’’

त्याने किती वेळा विचारले ते मी मोजले नाही. जेवढ्या वेळा विचारले तेवढ्या वेळा सांगितले. मग तो रडला, लहान मुलासारखा, तोंड उघडे टाकून. मार्गरेटसुद्धा रडली आणि तिने आम्हा दोघांनाही शिव्या दिल्या.

नंतर तो म्हणाला, ‘‘या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घे.’’ मार्गरेट म्हणाली, तसे चालत नाही, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

‘‘मग खोडा ते. मला डबा नको, जागा नको. कोर्टात मला विचारलं, दाबलास का? मी म्हणालो, आठवत नाही. मला सही करू द्या.’’

म्हणून कलम सहामधील त्याला दिलेला हिस्सा मी आज माझ्या हाताने खोडला आहे. डब्याचे काय करायचे ते कोरिनने ठरवावे. ती पाच वाजता येते आहे आणि तिला मीच सांगणार आहे, कागद नाही. ऑर्विल म्हणतो, तो थांबेल. मी नको म्हटले, तरी म्हणतो थांबेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खाली सही केली. कागदावरचे रक्त माझेच आहे, त्यावरून कोणी वाद काढू नये.

मिलर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया. दिनांक ९ ऑक्टोबर २०१९.

सही : बर्निस अ‍ॅन यॅगर

साक्षीदार एक : मार्गरेट ऑसगूड, वकील. साक्षीदाराने फक्त नाव लिहायचे असते हे मी खालील गृहस्थांना दोन वेळा सांगितले आहे.

साक्षीदार दोन : ऑर्विल पाचूटा, चालक, ब्लॅक म्यूल. मी दांडा दाबला होता.